वर्षाच्या बोलीवरचं पिल्लू

आमच्या घरात कुत्रं येणार की नाही, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पुढं माझ्या लग्नावरही झाली नाही. माझं स्थळ दोन बैठकांत ठरलं. कुत्र्याचं ठरायला अख्खं वर्ष लागलं आणि शेवटी ते आम्ही ठरवलं नाहीच.

आमचं गाव शिरड शहापूरच्या जवळ. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं आणि मी सहावीत होते. घरात आम्ही पाच माणसं: अण्णा म्हणजे माझे वडील, माय, माझी धाकटी बहीण, मी आणि आत्या. आत्या ही अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. तिच्या हुकमाशिवाय आमच्या घरात चूल पेटत नसे, आणि तिचा हुकूम शेजारच्या चार घरांना ऐकू जात असे.

हळद काढून झाली की रान मोकळं पडायचं. मग अण्णा धनगराला मेंढरं बसवायला बोलवायचे. मेंढरं बसवणं म्हणजे कळप काही दिवस आपल्या रानात मुक्कामाला ठेवणं. लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि बदल्यात धनगराला ज्वारी मिळते. दरवर्षी तेच बिऱ्हाड यायचं. काटकुळा, कमी बोलणारा धनगर आणि त्याच्या वाट्याचंही बोलून टाकणारी त्याची बायको. घोड्यावर सगळा संसार, भांड्यांवर बांधलेली कोंबडी आणि मागं मेंढरांचा लोंढा. त्या वर्षी घोड्यावरच्या टोपल्यात कुत्रीची पिल्लंही होती.

टोपलं खाली उतरायच्या आत मी तिथं हजर होते. गुबगुबीत, मातकट रंगाची, कान पडलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. पण मला खरं वेड लावलं ते त्यांच्या आईनं. एक कोकरू कळपातून सुटलं आणि शेजाऱ्याच्या उभ्या गव्हाकडं पळालं. मला वाटलं, आता शेजारी येतो आणि भांडण पेटतं. कुत्री उठली. भुंकली नाही की धावली नाही. लांबून वळसा घालून ती कोकराच्या पुढं जाऊन उभी राहिली, मग त्याच्या मागं आली, आणि मागच्या पायाला नाक लावत त्याला कळपात आणून सोडलं. मग कळपाभोवती एक फेरी मारली, सगळं जिथल्या तिथं आहे असं बघितलं आणि धपकन खाली बसली. आमच्या गावातली कुत्री मी पाहिली होती. ती उकिरड्यावर भांडायची आणि मोटारसायकलमागं पळायची. हे काहीतरी वेगळंच होतं! मी पळत घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "माय, आपल्याला कुत्रं पाहिजे!"

"काहून?" आतून आत्याचा आवाज आला.

त्या एका 'काहून'चं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मी सांगितलं, आपली शेरडं सांभाळंल. आत्या म्हणाली, शेरडं म्या सांभाळते. मी म्हणाले, चोर येणार नाहीत. ती म्हणाली, चोरानं न्यावं असं हाय काय तुझ्या बापाकडं? अण्णा गालातल्या गालात हसले. शेवटी मी जेवायचं सोडलं. तेही एकाच वेळेपुरतं, कारण त्या दिवशी घरात पुरणपोळी होती. पण अण्णांना तेवढं पुरलं. ते रानात गेले आणि धनगराला म्हणाले, "पिल्लू इकत देता का एक?"

उत्तर बायकोनं दिलं. "आमी कुत्रं इकत न्हाई, पाटील. द्यायचं आसंल तर देतो. पर आदी घर बघावं लागतंय."

आणि खरंच संध्याकाळी नवरा-बायको आमचं घर बघायला आली! आमच्याकडं मुलीचा बाप मुलाचं घर बघायला जातो, विहिरीला पाणी आहे का, शेजार कसा आहे ते बघून येतो, अगदी तसंच. धनगरीण शेरडांच्या गोठ्यात डोकावून आली, कुडाच्या भिंतीला हात लावून बघितला, मग ओसरीवर बसून विचारायला लागली. दिसभर घरी कोन असतं? शेरडं किती? लेकरं कुत्र्याला दगडं तर मारत न्हाईत? घरात भांडनं किती व्हतात?

आत्याचा पारा चढला. "तू कुत्रं द्यायला आलीस का आमची झडती घ्यायला?"

"दोनी एकच हाय, बाई," ती शांतपणे म्हणाली. "ही जात रिकामी बसत न्हाई. हिला कायतरी वळायला लागतंय. तुमच्या घरी काम न्हाई मिळालं, तर ती आपलं काम आपुन काढंल. मंग तुमीच म्हनाल, काय तकलीफ आनली घरात."

मला वाटलं, झालं, नाही म्हणतेय ही. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेला धनगर बोलला आणि त्याची रीत त्यानं सांगितली. पिल्लू एका वर्षाच्या बोलीवर द्यायचं. पुढच्या साली मेंढरं परत आली की कुत्र्याला मधोमध सोडायचं. मेंढरांकडं गेलं तर ते धनगराचं, घरच्यांकडं आलं तर घरच्यांचं. तोवर दोन गोष्टी पाळायच्या. एक म्हणजे त्याला शेरडांतच झोपवायचं, म्हणजे शेरडं आपली आहेत हे त्याच्या रक्तात उतरतं. आणि दुसरी, वर्ष होईपर्यंत नाव ठेवायचं नाही.

"काहून?" मी विचारलं.

"नाव ठिवलं की माया चिकटती, पोरी," धनगरीण म्हणाली. "मंग तोडायला जड जातंय."

वर्षाची बोली ऐकून आत्या मऊ पडली. "असू द्या मंग. नव्याचे नऊ दिवस. पोरीची हौस फिटली की वापस न्या." मी पिल्लू छातीशी धरून घरभर नाचले. धाकटी माझ्यामागं नाचली. आत्या म्हणाली, आता ह्या दोघींनाच गोठ्यात बांधा.

पहिल्या दिवशी पिल्लाला शेरडांत झोपवलं. सकाळी उठून मी गोठ्यात पळाले तर पिल्लू गायब. सगळा उकिरडा, सगळी गल्ली पालथी घातली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ते आत्याच्या अंथरुणात, तिच्या पायाशी, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून झोपलं होतं.

"शेरडं तुडवून राहिली व्हती त्याला," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली. "मेलं असतं तर त्या धनगरनीला काय तोंड दावलं असतं?"

दुसऱ्या दिवशीही शेरडांनी तुडवलं. तिसऱ्या दिवशीही. नंतर कुणी विचारायचं बंद केलं. पिल्लू ओसरीवर आमच्या ओळीत झोपायला लागलं, आणि शेरडं आपली आहेत हे त्याच्या रक्तात उतरायचं राहून गेलं. त्याच्या रक्तात आम्ही उतरलो.

हे कळायला चार-पाच महिने लागले. कुत्रा वाढला, पाय लांब झाले, आईसारखी मानेवर आयाळ आली. अण्णांनी मोठ्या आशेनं त्याला शेरडांमागं सोडला. पण शेरडं म्हणजे मेंढरं नव्हेत. मेंढरू एक वळलं की दहा वळतात. शेरडू एक वळलं तर दुसरं बाभळीवर चढतं आणि तिसरं शिंगं रोखून उभं राहतं. बिचारा दिवसभर पळाला. कुठलीही दोन शेरडं एका जागी राहिली नाहीत. संध्याकाळी जीभ लोंबत घरी आला, आमच्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्याच संध्याकाळी त्यानं ठरवलं की वळायला ही पाच माणसं बरी.

मग जी मजा सुरू झाली ती काय सांगू! मी शाळेला निघाले की हा पुढं येऊन आडवा. बाजूनं गेले की मागून पोटरीला ओलं नाक. चावणं नाही, भुंकणं नाही, नुसतं नाकानं ढकलत परत दारात. माय पाणी आणायला निघाली की तिला वळव, अण्णा रानात निघाले की त्यांना वळव. पाचही जण जेवायला एका जागी बसलो की याच्या जिवाला शांती. आमच्याभोवती एक फेरी मारायचा, प्रत्येकाला हुंगायचा आणि धपकन खाली बसायचा. एक जरी कमी असला तर बसायचा नाही. अण्णा हळद घेऊन वसमतला गेले आणि मुक्काम पडला, तर हा सकाळपर्यंत उभा.

सगळ्यात मोठा तमाशा श्रावणात झाला. आत्या दर श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायची. नवं लुगडं, हातात पूजेचं ताट, फाट्यावर एसटी उभी. आणि अख्ख्या गावासमोर या बहाद्दरानं आत्याला वळून घरी आणली! ती उजवीकडं गेली की हा उजवीकडं, डावीकडं गेली की डावीकडं. एसटीतली माणसं खिडकीतून डोकं काढून बघत होती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी निघून गेली. आत्या पाय आपटत घरात शिरली. "मला वळून राहिलं हे! मी काय शेरडू हाय? आत्ताच्या आत्ता द्या सोडून त्या धनगराच्या तळावर!" तळ तेव्हा कुठं होता देव जाणे. मी आणि धाकटी तोंडात पदर कोंबून हसत होतो. पदरही मायचाच होता.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं सगळं. पाहुणे आले की तो त्यांना आमच्यात मिसळू द्यायचा नाही, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवायचा. मामा रागावून गेले. अण्णा पहिल्यांदाच म्हणाले, "पोरी, हे आपल्यासारख्याच्या घरचं कुत्रं न्हाई." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मनातल्या मनात मी त्याला नाव देऊन टाकलं होतं, बोली गेली खड्ड्यात. मोठ्यानं बोलावताना मात्र 'यू यू' एवढंच.

मग कापूस घरात आला. तेव्हा सगळ्यांच्या घरी असतो तसा आतल्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग. आणि एके दुपारी धाकटी हरवली. माय विहिरीवर पळाली, अण्णा ओढ्याकडं, मी शाळेकडं. आत्या दारात उभी राहून देवांना एकेक करून नवस बोलत होती. कुत्रा कुठंच गेला नाही. तो कापसाच्या खोलीचं दार उकरत बसला. आत्यानं त्याला दोनदा हाकललं, "कापूस नासवशील मेल्या!" तिसऱ्यांदा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दार उघडलं. धाकटी ढिगात गळ्यापर्यंत रुतून गाढ झोपलेली, केसांत, नाकात, भुवयांत कापूस. कुत्र्यानं तिला हुंगलं आणि तिथंच कापसात धपकन बसला.

त्या दिवसापासून त्याला सकाळची पहिली भाकर आत्याच्या हातची. "चुकून जास्तीची झाली," असं ती रोज म्हणायची.

आणि मग हळद निघाली आणि मेंढरं आली.

सकाळपासून मला काही सुचत नव्हतं. शाळा बुडवली, कुणी बोललं नाही. अण्णांनी नवा सदरा घातला होता, काहून ते त्यांनाच माहीत. आत्याच्या पदराला गुळाचा खडा बांधलेला मी बघितला. ही तर लाच होती! मला तिचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. रानात एका बाजूला कळप, दुसऱ्या बाजूला आम्ही पाच, आणि मधोमध धनगरानं त्याला सोडलं.

तो कळपाकडं बघतच राहिला. जन्मल्यापासून चार आठवडे तो ज्या वासात वाढला होता, तो वास वाऱ्यावर आला असणार. त्याचे कान उभे राहिले. आणि तो सुटला. मेंढरांकडं! आत्या गुळाचा खडा हातात धरून तशीच उभी.

त्यानं कळपाला लांबून वळसा घातला, त्याच्या आईनं घातला होता तसाच. कुणी न शिकवता! आणि मेंढरं वळली. एक वळलं, दहा वळली, सगळा कळप पाण्यासारखा वळला. वर्षभर शेरडांनी त्याला जे दिलं नव्हतं ते त्याला एका क्षणात मिळालं. दुःखातही माझ्या तोंडून "वा रे पठ्ठ्या!" निघून गेलं. कळप घेऊन तो पुढं पुढं यायला लागला. आमच्याच दिशेनं. मेंढरं आमच्या अंगावर आली, गुडघ्यांना, कमरेला घासत आमच्याभोवती पसरली. मग तो मागं आला, माझ्या पोटरीला ओलं नाक लागलं, आणि त्यानं मला कळपाच्या मधोमध ढकललं. मग धाकटीला. मग आत्याला. पाचही माणसं मेंढरांत उभी झाली तेव्हा त्यानं सगळ्यांभोवती एक भली मोठी फेरी मारली आणि धपकन खाली बसला.

धनगरीण हसून हसून लोळायची बाकी राहिली. "ह्यानं तर समद्यांलाच आपलं केलं! आता कसं?"

बोलीत याचं उत्तर नव्हतं. कळप आमच्या रानात होता तेवढे दिवस तो राजा होता. त्याला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. पण मुक्काम संपला, घोड्यावर संसार चढला, कळप वाटेला लागला, आणि त्याची त्रेधा सुरू झाली. कळप पुढं गेला की तो धावत जाऊन अडवायचा, मग उलटा पळत येऊन आम्हाला पुढं ढकलायचा. कळप थांबत नव्हता, आम्ही हलत नव्हतो. तो दोन्हीकडं पळत होता, छाती भात्यासारखी हलत होती. मला हाक मारावीशी वाटली. मी हाक मारली असती तर तो आला असता, मला खात्री आहे. मी मनातलं नाव ओठांपर्यंत आणलं.

आत्यानं माझा हात धरला. "नको," ती म्हणाली. "बघ त्याच्याकडं. कुत्रं वाईट न्हाई, बाई. आपुनच त्याला कमी पडलो."

मग तिनं आम्हा सगळ्यांना घरी नेलं आणि ओसरीवर ओळीनं बसवलं. "कुनी उठायचं न्हाई. आपुन एका जागी असलो की त्याचा जीव थंड व्हतोय. मंग त्याला काय करायचं ते करू दे."

तो मागोमाग आला. फेरी मारली. अण्णांना हुंगलं, मायला, धाकटीला, मला, शेवटी आत्याला. आत्यानं गुळाचा खडा दिला तो खाल्ला. खाली बसला. थोडा वेळ तसाच बसून राहिला, जिभेवरची लाळ गळत होती. मग उठला, वाटेकडं बघितलं आणि मेंढरांच्या धुरळ्यामागं निघून गेला. आमचं सगळं जिथल्या तिथं होतं, त्याला आता काळजी नव्हती. आत्या पदरात तोंड घालून रडली, आणि मी तिला रडताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

पण ऐका! दुसऱ्या वर्षी मेंढरं यायच्या आदल्या दिवशी तो एकटाच पुढं आला. दार नाकानं ढकललं आणि आम्हाला एकेकाला हुडकून ओसरीवर आणून बसवलं. तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षी तेच. आमच्या घरी सणांत एक सण वाढला. हळद निघाली की आत्या विचारायची, "आपलं लेकरू यायचा टाइम झाला न्हाई का?" नाव मात्र कुणीच ठेवलं नाही. नंतर कळलं, प्रत्येकानं मनात एकेक ठेवलेलं होतं.

माझं लग्न वसमतला झालं. मी सांगितलंच, दोन बैठकांत. पहिल्याच वर्षी हळदीच्या दिवसांत शेजारच्या दुकानात अण्णांचा फोन आला. "तो आला हाय," अण्णा म्हणाले. "पर बसंना. कालधरनं घराला चकरा मारून राहिला. आत्याची भाकर हुंगून बी बघंना."

सासूबाईंना काय सांगावं कळेना, म्हणून खरं तेच सांगितलं. त्या हसल्या. "जा बाई. सुनेसाठी एवढं दुसरं कुनी उभं राहात न्हाई."

एसटी फाट्यावर थांबली. मी उतरले आणि लांबून तो येताना दिसला. तोंडाभोवती पांढरं झालेलं, पण पळणं तेच. त्यानं उडी मारली नाही, शेपूट हलवत लाडही केले नाहीत. मला वळसा घालून मागं गेला आणि पोटरीला ओलं नाक लावलं. निऱ्या पायांत येत होत्या, मी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो मला ढकलत होता, थेट घरापर्यंत. ओसरीवर आत्यानं सगळ्यांना ओळीनं बसवून ठेवलं होतं. मधली जागा रिकामी होती. मी तिथं बसले.

"आली बरं का ती," आत्या म्हणाली. "आता तरी बस रे बाबा."

त्यानं फेरी मारली. एकेकाला हुंगलं, माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबला, आणि पायरीखाली धपकन बसला.